मोकळा गळा

मार्तंडची दारू सुटली त्या वर्षी यमुताईने गळ्यातलं मंगळसूत्र स्वतःच्या हाताने काढलं, आणि ते काढताना तिला जराही वाईट वाटलं नाही.

मार्तंड मूळचा खाप्याचा, विणकरांच्या घरचा. नागपूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागला आणि तिथल्या दोस्तांबरोबर पिऊ लागला. प्यायला की घरात हाताला येईल ते फोडायचा. नातेवाइकांनी येणं बंद केलं. मग कोणाच्या तरी ओळखीने कवडूदादा घरी आले. सडपातळ माणूस, पांढरा सदरा-पायजमा, जुनी सायकल. उपदेश करतील आणि जातील, असं यमुताईला वाटलं होतं. पण ते मार्तंडच्या खाटेजवळ बसले. दारू तुटल्यावर मार्तंडचे हात थरथरायचे, भिंतीवर किडे दिसायचे, पोटात काही ठरायचं नाही. कवडूदादा त्याची ओकारी पुसायचे, त्याचं डोकं मांडीवर घेऊन हळू आवाजात प्रार्थना करायचे. सख्खा भाऊ आला नाही आणि हा परका माणूस रोज येत राहिला. तो जे सांगेल ते यमुताईला खरं वाटणारच होतं.

कवडूदादा पाळक असलेली ख्रिस्ती मंडळी प्रताप नगरात एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरायची. चाळीसेक माणसं असतील. नेम कडक होते. अंगावर सोनं नाही, बांगडी नाही. सिनेमा नाही, टीव्ही नाही, लग्नात बँड नाही. उपासनेत पेटी-तबलासुद्धा नाही. देवाने गळा दिला आहे, तेवढा पुरे. हे सगळं म्हणजे जग, आणि जगाने तुमच्या मार्तंडचं काय केलं ते तुम्ही पाहिलं, असं कवडूदादा म्हणायचे. यमुताईने पाहिलंच होतं.

खाप्याला कन्हान नदीत दोघांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर एकदा भाजीबाजारात जुन्या ओळखीच्या बाईने तिच्या मोकळ्या गळ्याकडे आणि हातांकडे पाहून तोंडाला पदर लावला.

"कधी गेले वं?"

यमुताईला हसू आलं. "गेले नाही वं बाई. आत्ता कुठी घरी आले."

त्यांची एकच मुलगी, दिपाली. बाप्तिस्म्याच्या वेळी शाळेतही जात नव्हती. ती मंडळीतच वाढली. वाद्यं नव्हती म्हणून गाण्याला कोणीतरी सुरुवात करून द्यावी लागायची, आणि दहा-अकरा वर्षांची झाल्यापासून ते काम आपोआप दिपालीकडे आलं. ती उभी राहून पहिली ओळ उचलायची. खाली गिरणी बंद असली की तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. कवडूदादा डोळे मिटून ऐकायचे आणि नंतर मुद्दाम बाकीच्यांसारखंच तिच्याशी बोलायचे, पोरीला गर्व होऊ नये म्हणून. त्यांचा मुलगा गोलू तिच्याहून थोडा लहान होता. तो तिच्या मागच्या रांगेत बसायचा आणि बेसूर ओरडायचा.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला दिपाली खोटं बोलू लागली. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणायची आणि जायची ती अमोल नावाच्या मुलाच्या ऑर्केस्ट्रात गायला. अमोल कीबोर्ड वाजवायचा. वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये लग्नं असत, तिथे ही मुलं जुनी-नवी सिनेमाची गाणी म्हणत. मंडळीतला एक भाऊ केटरिंगवाल्याकडे कामाला होता. त्याने एका लग्नात जेवण वाढताना स्टेजकडे पाहिलं, तर माइक धरून दिपाली उभी. कानात लोंबते झुमके, ओठाला लाली.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर कोणी उठलं नाही. कवडूदादांनी दिपालीला पुढे बोलावलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. ते म्हणाले, "बाळा, फक्त एवढं म्हण की मी सैतानासाठी गायली. देव माफ करते. आमीही माफ करू."

दिपालीने खाली पाहिलं. मग म्हणाली, "दादा, मी गायली हे खरं आहे. घरी खोटं सांगतलं हेही खरं आहे. त्याची माफी मागते. पण सैतानासाठी नाही गायली."

"मंग कोणासाठी गायली?"

"मले नाही माहीत. मले छान वाटत होतं."

तेव्हा मार्तंड उभा राहिला. तो आता मंडळीचा वडील होता, म्हणजे पाळकाच्या खालोखाल त्याचा शब्द होता. तो थरथरत होता, दारू सोडताना थरथरायचा तसाच. "मलेही छान वाटत होतं," तो म्हणाला. "पेलो की मलेही लय छान वाटत होतं. तिले बाहेर काढा. माही पोरगी आहे म्हणून सोडू नका."

कवडूदादांनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले. यमुताईने इकडेतिकडे पाहिलं. तिचा एकटीचा हात मांडीवर होता. मार्तंड तिच्याकडे पाहत होता. दिपालीही पाहत होती. यमुताईने हात वर केला, खांद्याच्या वर जाईल न जाईल इतका.

बाहेर काढलेल्यासोबत विश्वासणाऱ्याने जेवायचं नाही, असा नेम होता. घरातही तो पाळला गेला. दिपालीचं ताट आधी वाढलं जायचं, ती जेवून उठली की मग हे दोघं बसायचे. काही महिने तिने ते सोसलं. मग एक दिवस ती कॉलेजला गेली आणि आली नाही. अमोलशी कोर्टात लग्न केल्याचं नंतर कळलं. ऑर्केस्ट्रा काही फार चालला नाही. अमोल बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात लागला आणि दोघं तिकडेच राहू लागली. एवढं यमुताईला खाप्याच्या एका भाचीकडून कळायचं. घरात दिपालीचं नाव घ्यायचं नाही असं मार्तंडने सांगितलं होतं, आणि यमुताईने ते घेतलं नाही. पंधराएक वर्षं.

मधल्या काळात कवडूदादा वारले. गोलू बंगलोरच्या बायबल कॉलेजात शिकून आला होता. त्याला आता सगळे पास्टर सॅम म्हणायचे. यमुताईच्या तोंडून मात्र गोलूच निघायचं. लॉकडाऊनमध्ये उपासना मोबाइलवर सुरू झाली. मोबाइलवर नुसत्या माणसांच्या आवाजातली गाणी भकास वाटतात म्हणून एक कीबोर्ड आला. लॉकडाऊन उठला, कीबोर्ड राहिला. मग ड्रम आले, गिटार आली, रंगीत दिवे आले. गिरणीवरची खोली सुटली. रिंग रोडजवळ मोठा हॉल भाड्याने घेतला, त्यावर इंग्रजी पाटी लागली. नवी माणसं आली, गाड्यांमधून. गोलूची बायको मेघा गळ्यात सोन्याची साखळी आणि कानात मोत्याचे टॉप्स घालून पहिल्या रांगेत बसू लागली. मग दुसऱ्या बायकांनीही कपाटातलं बाहेर काढलं. तरुण मुलं-मुली रविवारी उपासना आटोपून मॉलमध्ये सिनेमाला जाऊ लागली, आणि त्यांना सोडायला मंडळीचीच गाडी जाऊ लागली.

कोणी उभं राहून असं सांगितलं नाही की आजपासून हे पाप नाही. कोणी काही बोललंच नाही. जसं ओलं लुगडं दोरीवर वाळतं, तसं ते हळूहळू झालं.

यमुताईला ते आवडलं नाही असंही नाही. ड्रम वाजला की ती मनातल्या मनात ओळ धरायची. पण तिचा हात टाळीसाठी उठायचा नाही. मार्तंडचा मात्र उठायचा. सत्तरीला आलेला मार्तंड, गुडघ्याने अधू, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पायाने ठेका धरायचा. हसायचा. असं हसताना त्याला तिने लग्नाआधीच्या फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं.

एका रविवारी मेघा तिच्याजवळ येऊन बसली. मुलगी गोड बोलायची. "आंटी, राग मानू नका हं. कानात काहीतरी छोटंसं घालत जा ना. नवीन लोक येतात, त्यांना वाटतं आपल्या चर्चमध्ये इतकं उदास का. तुम्ही पुढे बसता ना, म्हणून म्हटलं."

यमुताईने कानाला हात लावला. भोकं केव्हाच बुजली होती.

त्याच महिन्यात मंडळीच्या वर्धापनदिनाची तयारी सुरू झाली. वर्धा रोडवर एक लॉन घेतला होता. तालमीच्या वेळी मुलं एक गाणं बसवत होती. शब्द येशूचे होते, चाल सिनेमाची होती. यमुताईने ती चाल ओळखली. दिपाली मोरीत कपडे धुताना, आपण ऐकत नाही असं समजून, ती गुणगुणायची. यमुताई तालीम संपेपर्यंत बसली, मग गोलूकडे गेली.

"गोलू, एक विचारू का बापा?"

"विचारा ना, आंटी."

"हे जर चालते, तर माह्या पोरीले काहून काढलं होतं?"

गोलूचा चेहरा पडला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, स्वतः समोर उकिडवा बसला. "आंटी, तेव्हा मी पण तिथं होतो. रडलो होतो मी घरी जाऊन. बाबा जुन्या विचारांचे होते. त्यांच्या जागी ते बरोबर असतील. पण देव आता नवीन काम करतोय."

"मंग ते पाप होतं का नव्हतं?"

"असं बघू नका ना. मागचं मागे सोडायचं." मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याचे डोळे चमकले. "तुम्ही तिला आणा. वर्धापनदिनाला. आपण तिचं स्वागत करू, तिला स्टेजवर बोलावू. ताई गायली ना, आंटी, तर सगळं भरून निघेल."

पापाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं नव्हतं. पण "आणा" हा एक शब्द यमुताईच्या कानात राहिला. घरी येऊन तिने इतक्या वर्षांनी ते नाव मोठ्याने घेतलं. "दिपालीले आणाले जाते मी."

मार्तंड पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला नाही. पेपरच्या आडूनच म्हणाला, "माहे गुडघे साथ नाही देत. नाही तर आलो असतो."

"मी जाते ना."

"तिले सांगजो..." एवढं बोलून तो थांबला. त्याने पेपरचं पान उलटलं.

सकाळची बस धरून ती बुटीबोरीला उतरली. भाचीने सांगितलेल्या खुणेवर गेली, कारखान्यांच्या मागच्या बाजूला, एकाला एक लागून असलेल्या भाड्याच्या खोल्या. नळावर यूपी-बिहारकडच्या बायका पाणी भरत होत्या. तिने दिपालीचं नाव घेतलं. कोणालाच ठाऊक नव्हतं. अमोलचं नाव घेतल्यावर एकजण म्हणाली, "अच्छा, वो प्रार्थनावाली? दबोराबाई? आखरी कमरा."

दबोरा हे बायबलातलं नाव; दिपालीने ते कधी घेतलं, यमुताईला ठाऊक नव्हतं. शेवटच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत एक बाई तांदूळ निवडत बसली होती. पांढरं सुती पातळ, डोक्यावरून पदर, केस घट्ट ओढून बांधलेले. गळा मोकळा, हात मोकळे. क्षणभर यमुताईला वाटलं आपण आरशातच पाहतो आहोत, आपल्याच तरुणपणात.

"आई," ती बाई म्हणाली. सूप तिच्या हातून सुटलं नाही. तिने ते नीट खाली ठेवलं.

यमुताई रडली. दिपालीने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. खोलीत टीव्ही नव्हता, कॅलेंडर नव्हतं, भिंतीवर एक फोटो नव्हता. एका कोपऱ्यात पोथीसारखं कापडात गुंडाळलेलं बायबल होतं. दिपालीने भात-वरण केलं, आईला वाढलं. स्वतःचं ताट घेतलं नाही. यमुताईने कारण विचारलं नाही. तो नेम तिच्या घरातलाच होता.

"बाबा कसे आहेत?"

"गुडघे दुखतात. बाकी बरे आहेत. तुही लय आठवण काढतात." ही थाप होती, पण बोलून गेली. मग तिने घाईघाईने सगळं सांगून टाकलं. "दिपाली, आता चालते वं सारं. मंडळीत पेटी आली, ड्रम आले. बाया सोनं घालून राहिल्या. गोलू पाळक झाला, त्यानंच मले पाठवलं. म्हणे ताईले आणा, स्टेजवर गायला लावू. कोणी काही म्हणणार नाही तुले. चाल घरी."

दिपाली ऐकत होती. तिचा चेहरा हलला नाही. "म्हणजे मंडळी बुडाली," ती म्हणाली.

"अवं, तुले परत घ्याले तयार आहेत."

"कशात परत? जगात? मी ज्याच्यातून निघाली, त्याच्यात तुमी शिरले." तिच्या आवाजात राग नव्हता, कवडूदादांच्या आवाजात नसायचा तसाच. "आई, मी पाप केलं होतं. तुमी बरोबर केलं होतं. बाबांनी बरोबर केलं. तेव्हा मले समजलं नाही."

"नाही वं, बाई. मी चुकली होती. मी हात नव्हता वर कराले पायजे. ते काही पाप नव्हतं. पोट्टी गायली, एवढंच तर..."

"असं म्हणू नको!"

तिचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि त्या चढलेल्या आवाजात यमुताईला जुनी दिपाली ऐकू आली. मग तो पुन्हा खाली गेला. दिपालीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुले कोणी सांगतलं नसन. मले एक पोरगी झाली होती. पूर्ण दिवसांची. रडलीच नाही. मी तिले हलवली, नर्सनं उलटी धरली, पण ती रडलीच नाही. आवाजच नव्हता तिले." ती थांबली. "मी घरी आली तेव्हा अमोल म्हणे असं होते, डॉक्टरही म्हणे असं होते. मले समजत नव्हतं, असं कसं होते? काहून होते? मंग इथली माणसं आली प्रार्थनेले. त्यायनं विचारलं, पहिले काय करत होती? मी सांगतलं. ते म्हणे, आवाजाची किंमत आवाजानं द्या लागली. तेव्हा मले कवडूदादा आठवले. ते म्हणत होते ना, माफी माग म्हणून. मी नाही मागली."

यमुताईने तिचं पदर गुंडाळलेलं बोट हातात घेतलं.

"आता तू म्हणते ते पापच नव्हतं," दिपाली म्हणाली. "मंग आई, माही पोरगी काहून गेली? सांग ना. ते पाप नव्हतं, तर ती कशासाठी गेली?"

बाहेर नळावर बादल्या वाजत होत्या. यमुताईने मुलीकडे पाहिलं. दिपाली उत्तराची वाट पाहत होती, खरोखर वाट पाहत होती, ताप आलेलं मूल आईकडे पाहतं तशी. त्या एका समजुतीवर ही बाई उठते, तांदूळ निवडते, जगते, हे यमुताईला दिसलं. ती समजूत काढून घेतली तर तिच्या हातात काय द्यायचं? आपल्याकडे काय आहे? ड्रम आणि दिवे?

"होय," यमुताई म्हणाली. "पाप होतं. तू म्हणते ते बरोबर आहे."

दिपालीने डोळे मिटले. खांदे सैल झाले. "देव तुले आशीर्वाद देवो," ती म्हणाली.

दुपारी त्यांची सभा होती, त्याच खोलीत. पहिली पाळी सुटलेले सात-आठ पुरुष आले, पाच-सहा बायका आल्या. यमुताईला दाराजवळ बसू दिलं. गाणं सुरू झालं. फक्त पुरुष गात होते, जाडेभरडे, थकलेले आवाज, एकही सुरात नव्हता. बायकांनी सभेत तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा नेम होता. दिपाली भिंतीला टेकून बसली होती, ओठ घट्ट मिटलेले. एकदा एका पुरुषाने ओळ भलतीच वर नेली आणि सगळेच अडखळले. तेव्हा यमुताईने मुलीच्या गळ्याकडे पाहिलं. तिथली शीर हलली, आवंढा गिळावा तशी, आणि थांबली.

अमोल संध्याकाळच्या आधी आला. तो सभेत बसत नसे, बाहेरच थांबायचा. केस पिकले होते, कारखान्यातल्या धुळीने सतत खोकायचा. त्याने सासूच्या पाया पडून तिची पिशवी घेतली आणि बसस्टॉपपर्यंत सोडायला आला.

"आई, तुमी तिले गाण्याचं काही म्हटलं का?"

"म्हटलं बापा."

"पुन्हा नका म्हणू. मी घरात मोबाइलवरसुद्धा गाणं लावत नाही. शिटी वाजवत नाही. एकदा आंघोळ करता करता सहज गुणगुणलो, तर ही दिवसभर जेवली नाही." तो चालता चालता थांबला. "पोरगी गेली त्याचं दुःख मलेही आहे. पण माह्या घरातून दोघी गेल्या, आई. एक दवाखान्यातून गेली अन् एक त्या खोलीतून. ही आहे ते कोण आहे, मले नाही समजत. तुमी ओळखता का तिले?"

ओळखते, असं यमुताई म्हणू शकली असती. त्या बाईला तीच तर ओळखत होती. "तू तिले सोडू नको," एवढंच ती म्हणाली.

"सोडलं नाही ना," अमोल म्हणाला. "लॉनमध्ये ही गायली की जेवणारे लोक हातात घास घेऊन थांबत. तुमी कधी आयकलं नाही."

बस आली.

मार्तंड दारातच बसला होता. ती एकटीच आलेली पाहूनही त्याने तिच्या मागे पाहिलं. यमुताईने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि सगळं सांगितलं, नातीचंही. तो ऐकत राहिला. शेवटी तिने विचारलं, "तुमी त्या दिवशी उभं राहून बोलले. आता टाळ्या वाजवता. यातलं खरं कोणतं?"

"मले तेव्हा खरंच वाटलं होतं वं."

"अन् आता?"

"आताही खरंच वाटते. काय करू? दादांनी धरला हात, त्यांच्या मागे गेलो. गोलूनं धरला, त्याच्या मागे जाऊन राहिलो. मले एकट्याले कधी चालताच नाही आलं." त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "नात होती म्हणते... नाव ठेवलं होतं का तिचं?"

"नाही विचारलं."

वर्धापनदिन थाटात झाला. लॉनवर हजारभर खुर्च्या होत्या. गोलूने आधी विचारलं होतं, ताई येणार ना. यमुताईने नाही म्हणून मान हलवली होती. तरी कार्यक्रमात त्याने तिला स्टेजवर बोलावलं. मंडळीच्या सुरुवातीपासूनच्या बहिणी म्हणून तिची ओळख करून दिली आणि माइक हातात दिला. "साक्ष द्या, आंटी. देवाने तुमच्यासाठी काय केलं ते सांगा."

यमुताईने समोर पाहिलं. दिव्यांमुळे चेहरे दिसत नव्हते. "माही एक पोट्टी होती," ती म्हणाली. "दिपाली नाव तिचं. ती इथी गात होती. आपण तिले..."

कीबोर्डवरच्या मुलाने हळूच सूर धरला. कोणी साक्ष देताना गहिवरलं की त्याने मागून मंद सूर धरायचा, असं त्याला शिकवलेलं होतं. तो मन लावून वाजवत होता. यमुताई थांबली. सूर वाढत गेला. खालून कोणी "हालेलुया" म्हटलं, मग आणखी पुष्कळ जणांनी म्हटलं. गोलूचे डोळे भरून आले होते; त्याने तिच्या खांद्याभोवती हात टाकला, माइक आपल्याकडे घेतला आणि म्हणाला, "देव प्रत्येक आईचे अश्रू पाहतो. चला, आपण गाऊ." ड्रम वाजला. लोक उभे राहिले. मेघाने तिला धरून खाली आणलं, पाण्याची बाटली दिली, प्रेमाने कपाळाचं चुंबन घेतलं. मार्तंड खुर्चीत बसून होता. त्याच्या टाळ्या थांबल्या होत्या, पण पाय अजून हलत होता, आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं.

पुढच्या रविवारी यमुताई गेली नाही. मार्तंडला शेजारच्या मुलाने स्कूटरवर बसवून नेलं. बुटीबोरीच्या खोलीत दाराजवळ बसायची तिला मुभा होती. पण तिथे त्या मिटलेल्या ओठांसमोर बसणं तिला जमलं नसतं. तिने दार लावलं, चटई टाकली, डोक्यावर पदर घेतला आणि नेहमीसारखे गुडघे टेकले.

"हे आमच्या स्वर्गीय बापा," तिने सुरुवात केली.

कवडूदादा असते तर म्हणाले असते, पोर जगातून परत आली, उपकार मान. गोलू म्हणाला असता, ती अजून बंधनात आहे, सुटका माग. तिने दोन्ही वाक्यं मनात म्हणून पाहिली. एकही तोंडातून बाहेर येईना. पोरीचं ते ओझं उतरव म्हणावं, तर ते उतरलं की ती पडेल. तसंच राहू दे म्हणावं, तर असं कोणती आई मागेल?

ती गुडघ्यावर तशीच राहिली. पाय बधिर झाले तेव्हा भिंतीचा आधार घेऊन उठली. आमेन म्हणायचं राहिलं होतं. पण मागितलंच काही नव्हतं, म्हणून तिने ते म्हटलं नाही. चटई गुंडाळून ठेवली आणि मार्तंड यायच्या आत भात टाकायला गेली.